कानपिळीचा फोटो

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा जवळजवळ नाहीच. शालू आहे, मुंडावळ्या आहेत, हिरवा चुडा आहे, पण मान सगळीकडे खाली. मांडवात जाताना आईने बजावलं होतं, "वर बघून दात काढू नकोस, लोक नावं ठेवतात." मी आईचं ऐकणारी. त्यामुळे एवढ्या वर्षांनी ठाण्याच्या इस्पितळातल्या मॅडमनी फोनवर सांगितलं, "लग्नातला एक फोटो लागेल, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा," तेव्हा अल्बम मांडीवर घेऊन मी पानामागून पान माझ्याच डोक्यावरचा गजरा बघत राहिले.

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एमआयडीसीतली नोकरी केव्हाच सुटली. माझी किडनी ह्यांना चालते, असं तपासण्यांत निघालं. आता राहिली होती फक्त समितीची परवानगी. आम्ही खरंच नवरा-बायको आहोत, कुणी कुणाला पैसे देऊन आणलेलं नाही, हे त्या समितीला पटवायचं. लग्न साताऱ्याकडे, गावी झालेलं. तेव्हा सर्टिफिकेट कोण काढत होतं? आधार, रेशनकार्ड, आमच्या लेकीचा, ऐश्वर्याचा जन्मदाखला, सगळं पोचलं होतं. फोटो तेवढा राहिलेला. तो सोमवारी संध्याकाळपर्यंत इस्पितळाच्या साइटवर चढवायचा, आणि तोही दोनशे केबीच्या आतला. नाही जमलं, तर गुरुवारच्या बैठकीत आमचं नाव नाही. पुढची बैठक कधी, ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं. ह्यांच्या पायांची सूज बघता 'पुढची' हा शब्दच मला नको होता.

शेवटून दुसऱ्या पानावर तो फोटो सापडला. कानपिळीचा.

नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा, आणि नवऱ्याने त्याला टोपी-उपरणं देऊन खूश करायचं. माझा भाऊ साईनाथ तेव्हा दहावीत होता. त्याने ह्यांचा कान असा काही धरला होता, की हे वाकून ओरडलेच. आणि मी आईचं सगळं विसरून मान वर करून खळखळून हसले होते, थेट कॅमेऱ्याकडे बघत. पंचवीस वर्षांतला माझा एवढा एकच फोटो असेल असा.

"हाच पाठवायचा," मी म्हणाले.

ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. "ह्यात साई आहे."

"हो."

"त्यालाच सांगायचं नाहीये ना आपल्याला?"

मी अल्बम मिटला.

साईला कळू द्यायचं नव्हतं, ते खरंच. डॉक्टरांनी पहिल्यांदा विषय काढला, तेव्हा तो बरोबर होता. बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणाला होता, "दाजींचं नाव किडनीच्या प्रतीक्षायादीत घाला, मी पळतो त्यासाठी, पाहिजे तिथे पळतो. पण ताईला हात लावायचा नाही. उपासांनी आधीच काटकी झालीय ती. त्यांच्याकडे माणसं नाहीत का? दोन बहिणी आहेत, भाऊ आहे." ह्यांच्या भावाला साखर, एका बहिणीचं जुळलं नाही, दुसरीच्या घरच्यांनी नाही म्हटलं. ते साईला सांगून उपयोग नव्हता. आई-वडील गेल्यावर मला माहेर म्हणजे तो एकटा. तो इस्पितळात येऊन ओरडला असता, माझ्या बहिणीवर दबाव आहे म्हणाला असता, आणि त्या एका वाक्याने सगळं थांबलं असतं. म्हणून आधी परवानगी, मग त्याला सांगू, असं आम्ही ठरवलं होतं.

कोपर स्टेशनजवळ बंटीचं झेरॉक्सचं दुकान आहे. फोटो लहान करून देणं हे त्याचं रोजचंच काम. पण बंटी साईचा जुना दोस्त, आणि त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अख्ख्या कोपरची आधारकार्डं वाळत घातल्यासारखी पसरलेली असतात. मागे एका मुलीच्या सोनोग्राफीचा कागद तिथे उघडा राहिला, आणि तिच्या सासूच्या आधी आमच्या बिल्डिंगला बातमी कळली. तिथे जायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून मी फोटोचा फोटो काढला आणि ऐश्वर्याला पाठवला. ती वर्तकनगरला एका सीएच्या ऑफिसात काम करते, मैत्रिणींबरोबर तिथेच राहते, रविवारची घरी येते. त्याच्यासोबत व्हॉइस मेसेज पाठवला, "ऐशू, एवढा फोटो वाढवून दे गं. साइटवर चढवायचाय."

वाढवून. आमच्या घरात काही शब्द तोंडातून काढत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. सासूबाईंनी हे माझ्या जिभेला इतकं लावून ठेवलंय, की आजारी माणसाच्या लग्नाचा फोटो 'कमी कर', 'लहान कर' म्हणायला तोंड उघडेना. मला वाटलं, तिला कळेल. माझीच मुलगी ना.

शनिवारी दुपारी फोटो आला. मी उघडला आणि बघतच राहिले. ऐश्वर्याने कुठल्याशा अॅपमधून तो खरोखरच वाढवला होता. भला मोठा, झगझगीत. माझ्या जागी दुसरीच कुणी उभी होती. गाल गुळगुळीत, डोळे टपोरे, हनुवटीवरचा तीळ गायब. ह्यांना दाट केस आलेले. आणि ह्यांचा कान धरणाऱ्या हाताला मोजून सहा बोटं.

हे डायलिसिसहून येऊन पडले होते. फोन त्यांच्यासमोर धरला.

"ही कोण?"

"मी आहे म्हणे."

ह्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "तब्येतीने चांगली दिसते. हिचीच घेऊ या किडनी."

मला हसू आलं. मग मी तो चढवायला बसले. साइटवर तो फोटो चढेना. फाइल मोठी आहे, म्हणून लाल अक्षरं येत राहिली. आणि चढला असता तरी समितीसमोर मी जाऊन बसल्यावर त्यांनी विचारलं असतं, बाई, फोटोतली ही कोण?

ऐश्वर्याला फोन लावला.

"अगं आई, तूच म्हणालीस ना वाढव! कमी करायचा तर कमी कर म्हणायचं!"

"तसं म्हणू नये गं."

"आजीसारखं करतेस तू. केबी कमी करायचेत, बाबा नाही!"

बोलून गेली. मग हळू आवाजात म्हणाली, "सॉरी. उद्या येते मी. आपण दोघी बसून करू."

"आणि त्या अॅपवाल्यांकडे फोटो गेला तो?"

"गेला म्हणजे, त्यांच्या सर्व्हरवर असेल."

"ते कुठे असतं?"

"मला काय माहीत आई, कुठेतरी."

माझ्या लग्नाचा फोटो, माझ्या भावासकट, कुठेतरी. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना तोच शब्द मनात फिरत होता. तेवढ्यात फोन वाजला. साई.

"काय ताई, लग्नाचा वाढदिवस आहे काय? विसरलो की काय मी?"

"नाही रे. का?"

"ऐशूने स्टेटस ठेवलंय ना, माझा कानपिळीचा फोटो. काय चिकणा केलाय मला! फक्त बोटं सहा दिलीत. बायको म्हणते, बरोबर आहे, घरात हात कुठे दिसत नाही तुमचा, तिकडे जास्तीचं बोट लावलंय." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "आत्ता कुठून काढला पण?"

"अल्बम पुसत होते," मी म्हणाले. "सहज."

"दाजी बरे आहेत ना?"

"आहेत."

"तू?"

"मी काय, मला काय झालंय."

दिव्यासमोर उभी राहून खोटं बोलले. फोन ठेवला तरी काडी हातातच होती, पार बोटापर्यंत जळलेली.

ऐश्वर्या रविवारी आली ती मान खाली घालूनच. स्टेटस काढून टाकलं होतं. "नुसत्या फोटोवरून कुणाला काय कळणार, असं वाटलं मला," म्हणाली. मी तिच्यापुढे ताट ठेवलं.

जेवणं झाल्यावर तिने माझ्याच फोनवर एक पान उघडलं. कसलं अॅप उतरवलं नाही. नाव विचारलं नाही, मोबाइल नंबर नाही, ओटीपी नाही, पैसे नाहीत. मध्ये एक रिकामी चौकट, तिच्याखाली इंग्रजीत दोन ओळी.

"काय लिहिलंय?"

"फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, आमच्याकडे येत नाही. सगळं काम इथल्या इथेच होतं."

"असं सगळेच लिहितात."

"थांब, दाखवते." तिने वरून पट्टी ओढून विमानाचं चिन्ह दाबलं. नेट गेलं, फोनची रेंज गेली. "आता आपला फोन कुणाशीच जोडलेला नाही. आता बघ." तिने फोटो त्या चौकटीत टाकला. क्षणभर एक चक्र फिरलं आणि फोटो आला. बाहेरचं काही चालू नसताना, घरातल्या घरात.

मला ते फार बरं वाटलं. कुणी आपलं काम करतं, आणि कुणाचं केलं ते स्वतःलाही कळू देत नाही. गुप्तदान म्हणतात ते असंच काहीसं असेल.

पडद्यावर फोटो मधोमध एका रेघेने विभागला होता. डावीकडे पहिल्यासारखा, उजवीकडे कमी होणारा. खाली एक सरकपट्टी. ऐश्वर्या ती मागे ओढत गेली आणि उजवीकडचे आकडे उतरत गेले. दोन हजार केबी. बाराशे. आठशे.

"अजून खूप आहे," ती म्हणाली आणि आणखी ओढली.

मी माझ्याकडे बघत होते. आधी शालूचं जरीकाम गेलं. मग मुंडावळ्यांचे मोती एकमेकांत मिसळून पिवळा डाग झाला. मग दात. हसणं होतं, पण दात नव्हते. मग डोळ्यांच्या जागी दोन करड्या चौकटी. साईची बोटं आणि ह्यांचा कान एकच झाले. दोनशेच्या आत आलो, तेव्हा तिथे तीन माणसं होती एवढंच म्हणता आलं असतं.

"पुरे," मी म्हणाले. "परत आण मला."

हे कॉटवरून बघत होते. ऐश्वर्या काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अगं, अजून वेळ गेलेली नाही. नको वाटत असेल तर सांग. मी डायलिसिसवर काढतोच आहे की दिवस." हे त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. प्रत्येक कागदाच्या वेळी म्हणतात. मीही दर वेळी तेच करते, उठून त्यांना गोळी देते.

"एक सोपं आहे," ऐश्वर्या म्हणाली. "फोटो मोठा आहे म्हणून फार दाबावा लागतोय. कडेचा भाग काढला की तुम्ही दोघंच राहता. चेहरे एकदम क्लिअर येतील. मामाला कापू?"

"कापू म्हणू नकोस."

"बरं, मामाला वाढवू?"

ह्या वेळी तिघंही हसलो. तिने चौकट ओढून दाखवलं. साई गेला. पण त्याचा हात राहिला. ह्यांच्या कानाला धरलेला, मनगटापासून तुटलेला, कुणाचा ते न कळणारा हात. आणखी आत घेतलं तर ह्यांचा अर्धा चेहरा जात होता.

"राहू दे ना," ऐश्वर्या म्हणाली. "हात कोण बघतंय?"

मी बघत होते. मला नको झालं. ज्याला सांगायचं नाही असं ठरवलं, तो फोटोतूनही गेला, आणि हात तेवढा तिथेच.

"सगळ्यांना ठेव," मी म्हणाले. "दुसरं काही कर."

तिने चौकट सोडून दिली, सरकपट्टी बरीच पुढे नेली आणि खालच्या दोन खणांत फोटोची लांबी-रुंदी कमी केली. मोठा फोटो फार दाबण्यापेक्षा लहान फोटो थोडासा दाबायचा, एवढंच. आकडा आला एकशे शहाऐंशी. फोटो पत्त्याच्या कॅटमधल्या पानाएवढा दिसत होता, पण हनुवटीवरचा तीळ होता. साईची पाचच बोटं होती.

मग विमान बंद केलं, नेट आलं, फोटो साइटवर चढला. हिरवं चिन्ह उमटलं. मी फोन देवापुढे ठेवला नाही, पण ठेवावासा वाटला.

मंगळवारी मॅडमचा फोन.

"ताई, फोटो छान आहे हो. चेहरे दिसतायत व्यवस्थित. कान कोण धरतंय ते?"

"माझा भाऊ."

"सख्खा? जवळच असतात का?"

"डोंबिवलीतच. पूर्वेला."

"अरे वा, मग गुरुवारी त्यांनाच घेऊन या. देणारी बाई असली की समिती माहेरच्या माणसाशी वेगळं बोलते. दबाव वगैरे नाही ना, एवढंच बघतात. मी तुम्हाला विचारणारच होते कोण आहे म्हणून, फोटोतच सापडले."

मी बरं म्हटलं. साईला फोटोतून काढलं असतं तर वेगळं झालं असतं का? नसतं. मॅडमनी विचारलंच असतं. पण मग मी कदाचित म्हटलं असतं, कुणी नाही हो माहेरचं.

साईचं दुकान मिक्सर-पंखे दुरुस्तीचं. बुधवारी दुपारी गेले, तेव्हा तो एका मोटरला तांब्याची तार गुंडाळत होता. मला बघून हसला. "ताई? इकडे कशी वाट चुकलीस? बस, त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो."

मी बसले. प्रस्तावना मला जमत नाही. मी फोन काढून फोटो त्याच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. तपासण्या, समिती, गुरुवार. शनिवारी खोटं बोलले तेही.

तो तार गुंडाळतच राहिला. मग थांबला. हात पुसून फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझा चेहरा चौकटी-चौकटींचा झाला.

"केवढुसा केलाय."

"दोनशे केबीत बसवायचा होता. ऐशू म्हणत होती, मामाला काढू. मी नाही काढू दिलं."

"म्हणजे मला सांगायचंही नव्हतं, आणि काढायचंही नव्हतं."

मी मान खाली घातली. पुन्हा.

"वर बघ," तो म्हणाला. "मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो. सगळे बोलले, कान पिळताना दम दे. मी काय बोललेलो, आठवतं?"

"तू म्हणालास, 'दाजी, जोरात नाही ना लागलं?'"

तो हसला नाही. फोन मला परत दिला. "तिथेच चुकलं माझं."

"त्यांनी मागितली नाहीये, साई. एकदाही नाही. उलट दर वेळी नको म्हणतात. मीच देतेय."

"तू तर भिकाऱ्यालाही स्वतःच्या ताटातलं देतेस. तुझं देणं मी कसं मोजू?" त्याचा आवाज चढला आणि शेजारच्या दुकानातल्याने मान वळवली. साईने आवाज खाली घेतला. "मला आत बोलावतील, विचारतील, तुमचं काय म्हणणं. मी काय सांगू?"

"जे वाटतं ते सांग."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही," मी म्हणाले. "पण खोटं बोल असं मी तुला सांगणार नाही. शनिवारी एक बोलले, ते अजून बोटाला लागतंय."

त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं. काडीचा डाग होता.

"येईन," तो म्हणाला. "गाडी घेऊन येतो सकाळी, दाजींना ट्रेनचे जिने नकोत. पण मी हो म्हणेन असं धरून चालू नकोस. मला अजून माहीत नाही. खरंच माहीत नाही, ताई."

"बरं."

"उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. उपास असेल."

"आहे. पण पाणी पिते. डॉक्टरांनी सांगितलंय, पाणी सोडायचं नाही. कलश मांडला की आधी तांब्याभर पाणी, मग पूजा. आता तेच व्रत."

त्याने खालून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून माझ्यापुढे धरली. "पी."

मी प्यायले. तो बघत होता, लहानपणी मी त्याला औषध पाजायचे तेव्हा बघायचे तसा, पूर्ण गिळलं की नाही ते.

"अजून," तो म्हणाला.

मी बाटली संपवली. त्याने तारेचं टोक उचललं, मोटरकडे बघितलं, वेढे किती झाले ते त्याला आठवेना. मग काही न बोलता तो ती तार पहिल्यापासून उलगडायला लागला.